वाऱ्याकडची बाजू

आमच्या झोपायच्या खोलीतल्या खिडकीला हँडल नाही, हे ती उघडावीशी वाटेपर्यंत मला माहीतच नव्हतं. पडदा जाड, खिडकीसमोर कपाटाचा अर्धा खांदा आलेला, आणि त्या खोलीत आम्ही दोघं झोपायला लागलो ते सासरे गेल्यावर. त्याआधी ती आजारी माणसाची खोली होती. आजारी माणसाच्या खोलीत खिडकी बंद असते, दार लोटलेलं असतं आणि बोलणं हळू असतं. त्यात विचार करण्यासारखं मला कधी काही वाटलं नाही.

मग मला गरम व्हायला लागलं.

हवा गरम नव्हती, मी गरम होते. बसल्या जागी पोटात कोणीतरी शेगडी पेटवल्यासारखी आच वर यायची. मान, कान, डोक्याची कातडी, सगळं भिजून जायचं, आणि जरा वेळाने तीच मी स्वेटर शोधत घरभर फिरायचे. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, ह्या वयात होतं. असं म्हणाल्या, की जणू मीच कोणाला न विचारता त्या वयात जाऊन राहिले होते. गोळ्या दिल्या. हवेशीर खोलीत झोपा म्हणाल्या. किती दिवस चालेल, असं विचारलं तर म्हणाल्या, कुणाचं लवकर आटपतं, कुणाचं रेंगाळतं. त्या स्वतः पंख्याखाली बसल्या होत्या.

मी लाँड्रीत कामाला आहे, वाफेच्या इस्त्रीवर. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, मग पाठ, हे माझे हात आता मला न विचारता करतात. दिवसभर बाहेरून वाफ आणि रात्रभर आतून. मधे झोप अशी नाहीच, नुसते तिचे तुकडे. सकाळी आरशात बघितलं की धुवायला टाकलेली पण इस्त्री न झालेली बाई दिसायची.

बाहेरच्या खोलीतली खिडकी उघडते. पण तिथं सासूबाई झोपतात, आणि त्यांना थंडी वाजते. त्यांना बाराही महिने थंडी वाजते. म्हणून मी आमच्या खोलीतल्या खिडकीकडे वळले, पडदा बाजूला केला, कपाट दोघांनी मिळून सरकवलं, आणि हँडलच्या जागी एक चौकोनी भोक माझ्याकडे बघत होतं.

आमचे हे म्हणाले, पडलं असेल कुठंतरी. ह्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू पडलेली असते आणि कुठंतरी असते. हे मालाची गाडी चालवतात, दिवसभर लोकांच्या वस्तू बरोबर पत्त्यावर पोचवतात, पण घरात ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. सासूबाईंना विचारलं तर त्यांनी, मला काय ठाऊक बाई, म्हणून हात झटकले आणि शोधायला सगळ्यांच्या पुढे धावल्या. टीव्हीखालचा ड्रॉवर त्यांनी जमिनीवर पालथा केला. संपलेले सेल निघाले, एका कानातलं निघालं, मागच्या घराची किल्ली निघाली, आणि ह्यांच्या लहानपणची एक शिट्टी निघाली, ती ह्यांनी लगेच वाजवून बघितली. हँडल नाही. सासूबाईंनी डाळीच्या डब्यातही हात घालून पाहिलं. एवढ्या उत्साहानं त्यांनी आजवर माझी कुठलीच वस्तू शोधली नव्हती, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण झोप नसलेल्या माणसाच्या लक्षात फक्त झोप असते.

मग हार्डवेअरचं दुकान. लाँड्रीतून सुटल्यावर पाय सुजलेले, आणि दुकानाला तीन पायऱ्या. काउंटरवरचे गृहस्थ एवढे उलटसुलट प्रश्न विचारत, की मी मनात त्यांचं नाव वकीलसाहेब ठेवून टाकलं. मी म्हटलं, खिडकीचं हँडल पाहिजे. ते म्हणाले, नमुना दाखवा. मी म्हटलं, हरवलंय म्हणून तर आले. ते म्हणाले, नमुन्याशिवाय मी काय देणार, हँडलात शंभर प्रकार.

"नमुने आमच्या घरी तीन आहेत," मी म्हटलं. "त्यांतला कुठला आणू?"

माझ्या मागे नळाची तोटी घ्यायला उभा असलेला माणूस हसला. वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी फळीवरून एक हँडल काढून समजावलं. मागे ही चौकोनी दांडी असते, ती खिडकीत जाते. दांडी किती जाड, किती लांब, दोन स्क्रूंमध्ये अंतर किती, आणि खिडकी डावी की उजवी, हे मोजून आणा. मी विचारलं, डावी म्हणजे माझ्या डावीकडची की खिडकीच्या? ते म्हणाले, तुम्ही घरात उभ्या असाल तर तुमच्या. मी म्हटलं, घरात मी उभीच असते.

घरी येऊन टेपनं अंतर घेतलं. भोकाचं माप काही केल्या नीट मिळेना, तेव्हा अंगाच्या साबणाची लांबट पट्टी कापून ती आत दाबली. बाहेर निघाली ती अगदी चौकोनी होऊन. हे दारात उभे राहून बघत होते. आता खिडकीला आंघोळ घालणार का, म्हणाले.  

पहिलं हँडल उलट्या बाजूचं निघालं. खिडकीसमोर उभी राहून मोजताना मी बरोबर होते, दुकानात पायऱ्या चढेपर्यंत डाव्याचं उजवं झालं होतं. परत गेले. वकीलसाहेबांनी बदलून दिलं, आणि साबणाची पट्टी मात्र काउंटरवर ठेवून घेतली, पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला. हँडलला छोटं कुलूप होतं. बिनकुलपाचं नाही का, असं विचारलं तर म्हणाले, आता सगळी किल्लीवालीच येतात. एका दोऱ्यात बांधलेल्या दोन चिमुकल्या किल्ल्या पुडीत घालून दिल्या.

बसवायला घेतलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, मोजताना समोर असूनही न आलेली. चौकटीवर जुन्या हँडलचे दोन्ही स्क्रू आपापल्या भोकांत नीट घट्ट बसवलेले होते. हँडल पडलं असेल, तर पडताना ते स्वतःचे स्क्रू काढून, परत जागच्या जागी लावून गेलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन जरा वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग म्हटलं, जाऊ दे. दांडी आत सरकली, स्क्रू आवळले, हँडल फिरवलं. खिडकी चिकटली होती. खांदा लावून दिला एक धक्का, तशी ती उघडली, आणि बाहेरची हवा आत आली. साधीच हवा होती, समोरच्या इमारतीतल्या तळणीचा वास असलेली. मी पलंगाच्या कडेला बसून ती गळ्यावर घेतली आणि मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. तेवढाही जोर नव्हता.

त्या रात्री मी थोडी जास्त झोपले. फार नाही. कित्येक आठवड्यांची थकबाकी काही एका रात्रीत फिटत नाही. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत दुपारच्या सुमाराला एका पांढऱ्या सदऱ्याची बाही करता करता माझा डोळा लागला, उभ्या उभ्या, आणि इस्त्री हातातून सुटली. खाली येताना मनगटाला चटका देऊन गेली. सदरा वाचला. मालकीणबाईंनी मनगट थंड पाण्याखाली धरलं, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, घरी जा, झोप, आणि झोपल्याशिवाय ह्या इस्त्रीला हात लावू नकोस, परत असं झालं तर मला दुसरी बघावी लागेल. चांगल्या आहेत त्या, म्हणून तोंडावर बोलल्या.

घरी आल्यावर मी हे हसून सांगितलं. इस्त्री कशी सुटली, कशी घसरली, सगळं हात हलवून दाखवलं. हे हसले. सासूबाईंनी मलम आणलं, माझं मनगट मांडीवर घेतलं आणि बोटं एकेक करून दाबून पाहिली. मूठ वळ म्हणाल्या. वळली. उघड म्हणाल्या. उघडली. मला वाटलं, माया.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खिडकी बंद. हँडल खाली वळवलेलं, आणि फिरवायला गेले तर जाम. चौकटीवर ठेवलेल्या किल्ल्या नाहीत.

परत तोच तमाशा. ड्रॉवर पालथा, डाळीचा डबा, ह्यांची शिट्टी. हे म्हणाले, पडल्या असतील कुठंतरी. सासूबाई गुडघे धरून पलंगाखाली वाकायला निघाल्या, आणि मी त्यांच्याकडे बघत राहिले. किल्ली हरवते, हे मी समजू शकते. पण ही किल्ली हरवण्याआधी कुलूप लावून गेली होती. आणि आधीचं हँडल हरवण्याआधी स्क्रू लावून गेलं होतं. आमच्या घरात वापरलेला दोरासुद्धा गुंडाळून ठेवणारी एकच बाई आहे.

मी त्यांना पलंगाखालून उठवलं आणि म्हटलं, राहू द्या, आपण कपडे घडी करू. दिवसभर लोकांचे कपडे केल्यावर घरी आपले करायचे, हा माझा विसावा. ढीग मधे घेऊन आम्ही दोघी पलंगावर बसलो. त्यांनी ह्यांचं बनियन घेतलं, मी टॉवेल.

"आई, किल्ल्या द्या," मी म्हटलं.

त्यांनी बनियनची घडी केली, उलगडली, परत केली.

"नाही देणार."

निदान खोटं बोलल्या नाहीत. मी विचारलं, का. त्या सासऱ्यांचं बोलायला लागल्या. शेवटच्या आजारपणाचं नाही, त्याच्या आदल्या दिवसाचं. ते त्या कधीच बोलत नाहीत. सासऱ्यांना तेव्हा असाच घाम यायचा, अंगाची नुसती लाही होते म्हणायचे. खिडकी उघड म्हणाले. सासूबाईंनी उघडली. पांघरूण नको म्हणाले, तेही काढलं. सकाळी चहाचा कप हातातून सुटला. मग हात गेला, मग पाय, मग तोंड वाकडं झालं.

"एका रात्रीत अंगावरून वारं गेलं त्यांच्या," सासूबाई म्हणाल्या. "मी उघडलेल्या खिडकीतून आलं."

माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. हे शब्द मी इतक्या वेळा ऐकले होते. शेजाऱ्यांना सांगताना मी स्वतः म्हटले होते, अंगावरून वारं गेलं. त्यात वारा आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सासऱ्यांना ज्या दिवशी दवाखान्यातून घरी आणलं, त्या दिवशी त्यांनी ते हँडल काढलं, नाण्यानं स्क्रू फिरवून, आणि त्या बंद खोलीत बसून त्यांची बोटं चोळत राहिल्या, ते जाईपर्यंत.

मी समजावलं. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं, मेंदूतली नस, त्यात रक्ताची गुठळी. तुम्ही तिथंच होतात, मान हलवत होतात. वारं म्हणजे हे खिडकीतलं वारं नव्हे.

"मग वारं का म्हणतात?"

"म्हणायची पद्धत आहे."

"पद्धत काय आभाळातून पडली? कोणाला तरी लागलं असेल, तेव्हाच म्हणायला लागले असतील ना."

  मी म्हटलं, माझ्या हातातून इस्त्री सुटली ती झोप नव्हती म्हणून. त्या म्हणाल्या, त्यांचीही झोप नव्हती. मी म्हटलं, त्यांचं वय काय होतं. त्या म्हणाल्या, वारं वय विचारून येतं का. मी म्हटलं, आई, मला होतंय ते प्रत्येक बाईला होतं, तुम्हालाही झालं असेल. त्यांनी जरा आठवून पाहिलं. म्हणाल्या, झालं असेल, तेव्हा मला बघायला वेळ नव्हता.

मग त्यांचा आवाज बारीक झाला.

"त्यांचं मी केलं. तेव्हा अंगात जोर होता. तुझं कोण करणार? हा?"

दारात हे उभे होते, एका पायात मोजा, दुसरा हातात. काय झालं, असं म्हणाले. आमची तोंडं बघून ते हळूच मागे सरकले.

मी मनात सगळा हिशेब लावून पाहिला. हँडलवर किल्लीचा नंबर कोरलेला असतो. तो लिहून नेला की वकीलसाहेब नवी किल्ली देतील. ती आणून लावीन, मी कामावर गेले की ही बाई ती काढील, मी अजून एक आणीन. ह्यात माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. भांडायलाही झोप लागते.

"आई, मला झोप पाहिजे," मी म्हटलं. "मला दुसरं काहीसुद्धा नको. ही नाही मिळाली तर वारं न येताच मी आडवी होणार आहे."

त्यांनी माझ्या हातातून टॉवेल काढून घेतला, घडी केली आणि ढिगावर ठेवला.  

सुट्टीच्या दिवशी दुपारी हे बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले होते. मी आत आडवी झाले होते, उशी उलटी करून करून तिच्या दोन्ही बाजू गरम करून ठेवल्या होत्या. पुन्हा एक झळ आली, गळ्यापासून कपाळापर्यंत, आणि मी नुसती छताकडे बघत ती जायची वाट बघत होते. तेवढ्यात सासूबाई आत आल्या. डोक्याला लोकरीची टोपी, कानात कापसाचे बोळे, अंगावर शाल, तिच्यावर दुसरी शाल, आणि काखेत त्यांची स्वतःची उशी. बर्फात निघाल्यासारख्या दिसत होत्या. मी उठून बसले.

त्यांनी चष्म्याचं घर उघडलं. चष्म्याखालून दोऱ्यासकट किल्ल्या काढल्या. कुलूप उघडायला त्यांना वेळ लागला, आणि मी मदत करू का म्हटलं तर कोपरानं मला बाजूला केलं. हँडल फिरवून खिडकी ढकलली, हात जाईल एवढीच. तळवा फटीत धरून वारा कुठून येतो ते बघितलं. मग पलंगाकडे वळल्या.

"तिकडे सरक. भिंतीला लाग."

मी सरकले. ह्यांची जागा खिडकीकडची. तिथं त्यांनी उशी ठेवली, गुडघे एकेक करून वर घेतले आणि माझ्याकडे पाठ करून, तोंड खिडकीकडे करून आडव्या झाल्या. दोन्ही शाली हनुवटीपर्यंत ओढल्या.

"आई, तुम्हाला लागेल ना वारं."

"लागू दे. माझ्या वयाला आता काय घेऊन जाणार ते. आधी माझ्याकडून येऊ दे, मग तुझ्याकडे जाऊ दे."

"आणि तुम्हाला काही झालं तर?"

"तुझ्या अंगात अजून जोर आहे," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, कापसाच्या बोळ्यांतून स्वतःलाच ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "माझं तू करशील. ते मला माहीत आहे."

त्यांची पाठ शालींमुळे डोंगराएवढी झाली होती. वारा त्या डोंगरावर अडत होता, वरून चढत होता, आणि माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा अगदी थोडा अंश उरत होता, लोकरीचा आणि मलमाचा वास घेऊन आलेला. मी कपाळ थोडं वर केलं. तेवढाच मिळत होता. मी तेवढाच घेतला.

संध्याकाळी ह्यांनी सांगितलं, की ते दोनदा डोकावून गेले, आणि आम्ही दोघी घोरत होतो. सासूबाई म्हणाल्या, मी नाही, मी पूर्ण वेळ जागी होते, लक्ष ठेवून. मग त्या उठल्या, आधी माझा हात घेतला, बोटं दाबली, मूठ वळ म्हणाल्या. मी वळली. मग त्यांनी स्वतःचा हात माझ्यापुढे केला, आणि मी त्यांची बोटं एकेक करून दाबून पाहिली.